सिसिफस डोंबिवलीचा नव्हता

डोंबिवलीत आल्बेर काम्यूचं नाव निघालं की दोन वाक्यांत सिसिफस लोकलमध्ये चढतो. डोंगरावर दगड ढकलत न्यायचा, तो घरंगळला की पुन्हा पायथ्याशी जायचं, ही त्याला देवांनी दिलेली शिक्षा. आपली शिक्षा म्हणजे सकाळची फास्ट आणि संध्याकाळची फास्ट. उपमा चपखल दिसते, आणि तशी सोय काम्यूनेच करून ठेवली आहे. १९४२ च्या त्याच्या निबंधात ट्रामने कचेरीत जाणाऱ्या, ट्रामनेच परतणाऱ्या माणसाचा ठरीव आठवडा येतो आणि एका बेसावध क्षणी त्या माणसाला 'हे सगळं कशासाठी?' असा प्रश्न पडतो. तरी मला ही उपमा आळशी वाटते. सिसिफस एकटा होता. त्याच्या डोंगरावर दुसरा दगडवाला नव्हता. पाठीत कोपर खुपसून 'दादा, आत सरका ना, आत जागा आहे' असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसाची अडचण वेगळी आहे. त्याच्यासारखेच हजारो जण त्याच क्षणी तोच दगड ढकलतायत, आणि त्यातला प्रत्येक जण त्याला जास्तीचा वाटतो.

ही तक्रार फक्त एका उपमेपुरती नाही. फ्रेंच अस्तित्ववाद मराठीत आला तो बराचसा एकट्या माणसाचं तत्त्वज्ञान म्हणून. कंटाळा, परकेपणा, अर्थशून्यता, सिगारेटचा धूर. त्याच विचारवंतांनी पुढच्या वीस वर्षांत दुसऱ्या माणसाबद्दल, गर्दीबद्दल, गटाबद्दल, बाईच्या घरकामाबद्दल जे लिहिलं, त्याची आपण फारशी दखल घेतली नाही. आपलं घड्याळ १९४२ वर बंद पडलं. आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात राहणाऱ्याला नेमका त्या नंतरच्या लिखाणाचा उपयोग आहे.

आधी मूळ मुद्दा. २९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये झाँ-पॉल सार्त्रचं एक व्याख्यान झालं. ऐकायला एवढी गर्दी लोटली की खुर्च्या मोडल्याच्या आणि माणसं भोवळून पडल्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. जर्मनांच्या ताब्यातून शहर सुटून जेमतेम वर्ष झालं होतं. चार वर्षांच्या त्या ताब्यात कोण गप्प बसलं, कोणी शेजाऱ्याला पकडून दिलं, कोणी पत्रकं वाटली, याचा हिशेब घरोघरी चालू होता. त्या लोकांपुढे सार्त्र म्हणाला की कागद कापायची सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात सुरीचा उपयोग आधी असतो आणि सुरी नंतर तयार होते. माणसाचं तसं नाही. माणूस आधी जगात येऊन पडतो, आणि आपण काय आहोत हे तो पुढे स्वतःच्या कृतींनी ठरवत जातो. वरून कुणी आराखडा दिलेला नाही. सबबही दिलेली नाही. ताब्याच्या काळात 'माझा नाइलाज होता' असं म्हणणाऱ्या समाजाला हे ऐकवणं सोपं नव्हतं.

त्याच व्याख्यानात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. भाऊ युद्धात मेलेला, आई एकटी, सगळा जीव या मुलात. मुलाला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हायचं होतं. जावं की आईजवळ राहावं? सार्त्रने उत्तर दिलं नाही. कुठलाही धर्मग्रंथ, कुठलीही नीतीची वही या प्रश्नाला पुरत नाही. सल्ला मागायला कोणाकडे जायचं हे निवडतानाच आपण अर्धं उत्तर निवडलेलं असतं, एवढंच तो म्हणाला. डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या एखाद्या इमारतीचा जिना चढून बघा. तिसऱ्या मजल्यावर दोघं सत्तरीचे, मुलगा कॅलिफोर्नियात, रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, 'आईबाबांनीच जा म्हटलं.' आईबाबा म्हणतात, 'त्याच्या करिअरच्या आड कशाला यायचं?' दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही वाक्यांत निर्णय दुसऱ्याच्या पदरात टाकलेला आहे. जाणं चूक किंवा राहणं बरोबर असं सार्त्र म्हणणार नाही. गेलास ना, मग तू गेलास असं म्हण, एवढंच त्याचं म्हणणं.

स्वतःलाच गंडवण्याच्या या रीतीला तो आत्मवंचना म्हणतो. १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या जाडजूड ग्रंथात तिचं गाजलेलं उदाहरण कॅफेतल्या वेटरचं आहे. त्याची चाल जरा जास्तच झपझप, ट्रे सांभाळण्याची लकब जरा जास्तच सराईत. जणू तो जन्मतःच वेटर आहे, दुसरं काही होणं त्याच्या हातीच नाही. आपल्याकडे याचं सर्वांत लाडकं रूप म्हणजे 'आपण काय करणार?' खड्डा, पाणी, लोकल, एमआयडीसीतला वास, काहीही असो. २०१४ साली डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. फोटो सगळीकडे फिरले, विनोद झाले, आणि शेवटी हेच वाक्य. मात्र इथे एक धोका आहे. सोसणाऱ्यालाच 'तू निवडलंस' म्हणून झापण्यासाठीही हे तत्त्वज्ञान वापरता येतं. दिवा स्टेशनाजवळ घर घेणाऱ्याने दिवा 'निवडलं' असं म्हणायला मुलुंडच्या पश्चिमेला फ्लॅट असावा लागतो. सुरुवातीच्या सार्त्रमध्ये हा दोष आहेच. त्याचा मित्र मोरिस मर्लो-पाँटी १९४५ मध्येच सांगत होता की स्वातंत्र्य हवेत तरंगत नाही, ते शरीरात, सवयीत, परिस्थितीत रुतलेलं असतं.

मर्लो-पाँटी डोंबिवलीकराला समजावून सांगायची गरज नाही. गाडी प्लॅटफॉर्मला लागतानाच बॅग पाठीवरून छातीवर येते, उजवा खांदा पुढे होतो, दाराचा मधला दांडा कुठे येणार ते पायाला ठाऊक असतं, आणि गाडी पुरती थांबायच्या आत माणूस आत असतो. यात विचार कुठे होता? पिसाची टोपी घातलेली बाई दारातून जाताना पिसाची उंची मोजत नाही, आंधळ्याच्या हातातली काठी त्याच्या स्पर्शाचाच भाग होते, अशी उदाहरणं त्याने दिली आहेत. शरीर जगाला शिकून घेतं. पण शरीर जसं चढायला शिकतं तसंच सोसायलाही शिकतं, आणि गर्दीत जगायची आपली जी कला वर्तमानपत्रं कौतुकाने छापतात, ती बरीचशी या दुसऱ्या प्रकारची आहे.

आता हे सगळं मराठीत कसं आलं ते पाहू. या पट्ट्याला वाचनाची हौस जुनी. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ मध्ये आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १८६४ मध्ये कल्याणात सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तरी अस्तित्ववाद इथे पोचला तो गिरगाव-दादरच्या लघुनियतकालिकांतून आणि पुण्याच्या मेसमधून. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्यात शिकायला जातो आणि शिकणं, करिअर, वडील, पैसा या सगळ्यातला पोकळपणा बघून हात झटकून परत येतो. टीकाकारांना हातात आयता काम्यू सापडला. पांडुरंगाची 'आउटसायडर'मधल्या मेर्सोशी सोयरीक जुळवणारे लेख किती आले असतील, मोजदाद नको. विलास सारंगांसारख्या लेखकाने हा धागा अधिक गंभीरपणे धरला. त्यांच्या समीक्षेच्या पुस्तकाच्या नावातच सिसिफस आहे, शेजारी बेकेटचा बेलाक्वा. 'कोसला'बद्दल माझी तक्रार नाही. ती मोठी कादंबरी आहे आणि पांडुरंगाचं हसणं अजून ताजं आहे. तक्रार आहे ती तिच्यावरून आपण अस्तित्ववादाची जी व्याख्या केली त्याबद्दल. सुशिक्षित, सवर्ण, तरुण पुरुषाला आयुष्य निरर्थक वाटणं म्हणजे अस्तित्ववाद, अशी ती व्याख्या झाली.

ही व्याख्या तोकडी आहे, कारण त्याच १९६३ मध्ये बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेचा नायक गुजरातेत रेल्वेत नोकरीला लागतो, खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती उघडकीला आल्यावर मार खातो. सार्त्रच्या भाषेत बोलायचं तर ही 'नजरे'ची कथा आहे. आपण एकटे असतो तेव्हा जग आपल्याभोवती मांडलेलं असतं. कुणीतरी बघतं, आणि एका क्षणात आपण त्या बघणाऱ्याच्या जगातली एक वस्तू होतो. नाव लावलेली, किंमत ठरवलेली. १९४६ मध्ये सार्त्रचं ज्यूविरोधावरचं छोटं पुस्तक आलं आणि त्यात त्याने दाखवलं की द्वेष करणाऱ्याला समोरच्या माणसाचं काहीच माहीत असावं लागत नाही. तो आपल्या नजरेने 'ज्यू' तयार करतो आणि मग त्या तयार केलेल्या माणसाला शिक्षा देतो. फ्रान्त्स फॅनॉनने १९५२ मध्ये हेच विश्लेषण काळ्या माणसाच्या कातडीपर्यंत नेलं. बागुलांचा नायक या रांगेत सहज बसतो. त्याला आयुष्य निरर्थक वाटत नाही. त्याला ते फार हवं आहे. कवितेची, नव्या देशाची, कामाची त्याला भूक आहे. त्याच्यापुढची निवड पांडुरंगापेक्षा कितीतरी अवघड: खरं सांगितलं तर खोली नाही, खोटं सांगितलं तर मी नाही. हे अस्तित्ववादी साहित्य नसेल तर कोणतं आहे? पण आपण एका पुस्तकाला अस्तित्ववादाच्या कपाटात ठेवलं आणि दुसऱ्याला दलित साहित्याच्या, आणि दोन्ही कपाटांच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे दिल्या.

भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारलं जाणं १९६३ मध्ये संपलं असं समजणाऱ्याने एकदा एजंटाबरोबर फिरून यावं. 'तुमचं मूळ गाव कुठलं?' हा प्रश्न भूगोलासाठी नसतो. 'नॉनव्हेज करता का?' हाही स्वयंपाकासाठी नसतो. सांस्कृतिक नगरी म्हणवणाऱ्या गावात हे घडतं याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. संस्कृतीला नजर असतेच, प्रश्न एवढाच की ती कुणाकडे बघते.

आता लेडीज डब्यात जाऊ. काम्यूच्या निबंधानंतर सात वर्षांनी, १९४९ मध्ये, सिमोन द बोव्हुआरने 'द सेकंड सेक्स'मध्ये सिसिफसचा दगड उचलला आणि भलतीकडेच नेऊन ठेवला. घरकामाइतकं सिसिफसच्या शिक्षेसारखं दुसरं काम क्वचितच असेल, असं तिचं म्हणणं. पुसलेलं पुन्हा मळतं, धुतलेलं पुन्हा धुवायचं, त्यातून काही उभं राहत नाही, काही पुढे जात नाही. म्हणजे सिसिफस डोंबिवलीत शोधायचाच असेल तर तो दारात लटकलेला नाही. तो परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत बसलेला आहे. या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात, मथळ्यात 'जिद्द' किंवा 'तारेवरची कसरत' असतं. बोव्हुआरला हे कौतुक चाललं नसतं. तिने विचारलं असतं की निवडलेली भाजी घरी पोचते तेव्हा सोफ्यावर कोण बसलेलं असतं? तिचं वेगळेपण हे की ती बाईलाही सोडत नाही. 'माझ्याशिवाय घराचं पान हलत नाही' या अभिमानात सुख असतं आणि तेच सुख पिंजऱ्याची कडी होतं, हे ती बेधडक लिहिते. मात्र सार्त्रपेक्षा तिला एक गोष्ट आधी कळली होती. ज्याच्यापुढे दारं बंद केली आहेत त्याला 'तू स्वतंत्र आहेस' असं नुसतं सांगणं क्रूर आहे. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी परिस्थिती बदलणं हा माझ्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. १९४७ च्या नीतीवरच्या पुस्तकात हे तिने स्पष्ट मांडलं आहे. 'सेकंड सेक्स'ची मराठी वाट करुणा गोखल्यांनी करून दिली आहे.

सार्त्र तिथे पोचायला १९६० उजाडलं. 'क्रिटिक ऑफ डायलेक्टिकल रीझन' हा त्याचा दुसरा महाग्रंथ. वाचायला कष्टाचा, अर्धवट सोडलेला. पण त्यातली काही पानं वाचताना तो कल्याणला राहत होता की काय असं वाटतं. पॅरिसमध्ये साँ-जेर्मां चौकात बसची वाट बघत उभी असलेली माणसं. एकमेकांना ओळखत नाहीत, बोलत नाहीत, कुणी पेपर वाचतंय. त्यांना एकत्र आणलंय ते बसने, म्हणजे बाहेरच्या एका वस्तूने. आणि बसमध्ये जागा कमी आहेत, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या लेखी जास्तीचा. कोण जास्तीचा हे गुणांवर ठरत नाही, रांगेतल्या क्रमांकावर ठरतं. माणसं एकत्र असून एकेकटी राहतात, त्याचं हे त्याने काढलेलं चित्र. टंचाई हा त्यातला कळीचा शब्द. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेला माणूस आणि त्याला तिसऱ्या सीटवरून मिळणारा थंड कटाक्ष, यामागे दोघांचाही स्वभाव नसतो. आठ जणांच्या जागेत बारा येतात तेव्हा तो कटाक्ष आपोआप तयार होतो. उभं राहावं लागू नये म्हणून डोंबिवलीहून आधी उलट्या गाडीने कल्याणला जाऊन, तीच गाडी परत निघेपर्यंत बसून राहणारे आहेत. 'डाऊन करून' येणारा हा माणूस हुशार आहे, आणि त्याच्या हुशारीने कल्याणच्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसाची सीट गेलेली असते. प्रत्येकाने शहाणपणाने वागायचं आणि सगळ्यांचे मिळून हाल वाढवायचे, हा टंचाईचा नियम.

ही रांग कधी मोडते? सार्त्रचं उदाहरण १७८९ च्या जुलैतल्या पॅरिसचं आहे. बाहेरून धोका आला, आणि विखुरलेली माणसं एकाएकी एक झाली. कुणी पुढारी नव्हता, प्रत्येक जण पुढारी होता. आपलं उदाहरण २ जानेवारी २०१५ चं. पॅन्टोग्राफच्या बिघाडाने मध्य रेल्वे सकाळीच कोलमडली आणि दिव्याला माणसं रुळांवर उतरली. वर्षानुवर्षं समोरून न थांबता जाणाऱ्या फास्ट गाड्या बघत आलेली माणसं होती ती. काही तास तिथे रांग नव्हती, गट होता. पण त्या गटाने दगड मारले, मोटरमन जखमी झाला, मग मोटरमननी काम थांबवलं आणि सगळी लाइन ठप्प झाली. ज्याला दगड लागला तोही त्याच टंचाईतला एक नोकरदार. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा रांगेत. या दिवसाकडे 'गुंडगिरी' म्हणून बघणारे आणि 'उद्रेक' म्हणून गौरवणारे, दोघांनाही सार्त्र अपुरं म्हणेल. उत्स्फूर्त गट टिकत नाही, आणि टिकायचं ठरवतो तेव्हा तो शपथ घेतो. शपथेबरोबर आपल्यातल्याच माणसावर पहारा येतो.

शपथ घेतलेला गट बघायला फ्रेंच क्रांती नको, सकाळचा कुठलाही डबा पुरे. ग्रुप. ठरलेली गाडी, ठरलेलं दार, टाळ-ढोलकीसकट भजन, दसऱ्याच्या निमित्ताने डब्याला तोरण आणि पूजा, कुणाच्या घरी अडचण आली तर वर्गणी. आजारी पडलेल्या मेंबरला बघायला ऑफिसातलं कुणी येत नाही, ग्रुप येतो. ही खरी माया आहे. आणि हाच ग्रुप दिव्याला, मुंब्र्याला दार अडवून उभा राहतो, नवख्याला आत घेत नाही, आपल्यातल्या कुणी परक्याला सीट दिली तर त्याला आठवडाभर टोमणे. बंधुभाव आणि दहशत एकाच मुळातून उगवतात असं सार्त्रचं म्हणणं. ते वाचताना बहुतेकांना क्रांतीतला रोबेस्पिएर आठवतो, मला दाराजवळचे चौघे.

काम्यूही १९४२ वर थांबला नव्हता. १९४७ च्या 'प्लेग'मध्ये ओरान शहराचे दरवाजे बंद होतात आणि डॉक्टर रिए कुठलंही तत्त्वज्ञान न सांगता रोग्यांच्या घरी जात राहतो. १९५१ च्या 'रेबेल'मध्ये काम्यूने म्हटलं की 'नाही' म्हणणारा माणूस एक मर्यादा आखतो आणि ती मर्यादा सगळ्यांसाठी असते. तीच मर्यादा तो स्वतः विसरला की ज्याच्याविरुद्ध उठला त्याच्यासारखाच होतो. यावरून पुढच्या वर्षी सार्त्रशी त्याचं कायमचं फाटलं. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' हा २००५ चा सिनेमा या चष्म्यातून पुन्हा बघण्यासारखा आहे. बँकेतला माधव आपटे 'नाही' म्हणतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडतात. पण तो एकट्यानेच म्हणतो, आणि त्याच्या रागाला मर्यादा उरत नाही. त्याला सोबत कुणी का मिळालं नाही, हा प्रश्न शिट्ट्यांत बुडून गेला. जाता जाता: काम्यू जानेवारी १९६० मध्ये मित्राच्या मोटारीच्या अपघातात गेला, तेव्हा त्याच्या खिशात न वापरलेलं रेल्वेचं तिकीट सापडलं. यावर कुणी तत्त्वज्ञान करू नये, काम्यूनेही केलं नसतं.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारांतून माणसं खाली पडली. चौघे त्या दिवशी गेले. मग बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली, आणि 'लटकतात कशाला?' हा प्रश्नही ठरल्याप्रमाणे विचारला गेला. अस्तित्ववादाचा अर्धवट वाचक इथे निवडीची भाषा बोलेल: दारात उभं राहणं त्यांनी निवडलं. पूर्ण वाचक विचारेल की आत जायला जागा नसताना आणि लेटमार्क लागत असताना निवडीला किती जागा उरते, ती जागा कुणी आखली, वेळापत्रक कुणी केलं, डबे किती हे कुणी ठरवलं. हे ठरवणारीही माणसंच आहेत. 'यंत्रणा' नावाचा कुणी वेटर नाही जो जन्मतःच तसा आहे. आणि प्रवासी संघटनेच्या सभेला जी मूठभर माणसं असतात त्यांत आपण का नसतो, हाही प्रश्न त्याच यादीत येतो.

नव्याने वाचायला घेणाऱ्याने 'बीइंग अँड नथिंगनेस'च्या वाटेला जाऊ नये. ते पुस्तक अर्ध्यात सोडून अस्तित्ववाद समजला असं सांगणारे पुरेसे आहेत. सार्त्रचं १९४५ चं व्याख्यान एका बैठकीत संपतं. तिथून सुरुवात करावी, आणि सार्त्रला पुढे ते अपुरं वाटलं हे लक्षात ठेवून वाचावं. मग 'प्लेग', 'आउटसायडर'च्या आधी. बोव्हुआर सलग वाचण्याची गरज नाही, गृहिणीवरचं प्रकरण आधी काढावं आणि घरातल्या दोघांनी वाचावं. ज्यूविरोधावरचं सार्त्रचं पुस्तक आणि बागुलांचा कथासंग्रह मात्र पाठोपाठ वाचावेत, शक्य तर एकाच आठवड्यात. दोन्ही लहान आहेत, आणि बागुलांची कथा आधी वाचली तर सार्त्र सोपा जातो.